डेअरीची फट

पांढरमाळच्या रस्त्यांना कान फुटले, तेव्हा वैजयंता खैरनारला निवृत्त व्हायला चौदा महिने उरले होते.

कान हा लोकांचा शब्द. महापालिकेच्या कागदांवर त्याला 'पदनाद प्रणाली' म्हणत. पण फुटपाथखाली ती केबल टाकताना एका मुकादमाने जमलेल्या बघ्यांना सांगितलं, "आता रस्ता ऐकणार तुमचं," आणि पुढच्याच आठवड्यात भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे 'कान' म्हणू लागले.

वैजयंता वाहतूक कक्षात सर्वेक्षक होती. तीस वर्षं तिने शहरातल्या चौकांत उभं राहून माणसं मोजली. उजव्या मुठीत स्टीलचं गणकयंत्र, अंगठ्याखाली त्याची कळ. एक माणूस गेला, एक टिचकी. तिचा आकडा आजवर कुणी खोटा ठरवला नव्हता. अंगठ्याच्या पेराला घट्टा पडला होता आणि घरी टीव्ही बघतानाही तो अंगठा आपोआप हलायचा.

हर्षद निमकर तेवीस वर्षांचा असताना शिकाऊ अभियंता म्हणून आला, तेव्हा त्याला चौकात उभं राहायला तिनेच शिकवलं. "चेहरे बघू नकोस, पाय बघ. चेहरा फसवतो," हे तिचंच वाक्य. आता तो कार्यकारी अभियंता होता, पांढरमाळ रस्ते सुधार आराखड्याचा प्रमुख होता, आणि तरीही तिला 'ताई'च म्हणायचा. कानांची कल्पना आपल्याला त्या वाक्यावरून सुचली, असं त्याने एका भाषणात सांगितलंही होतं. वैजयंताने त्या बातमीचं कात्रण कपाटात ठेवलं होतं.

त्यामागचं विज्ञान त्याने तिला एका दुपारी चहा घेता घेता समजावलं. फुटपाथखाली काचेचा तंतू असतो, टेलिफोन कंपन्या वापरतात तसलाच. त्याच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेसरचा झोत सोडायचा. कोणतीच काच अगदी निर्दोष नसते. तिच्यातल्या सूक्ष्म दोषांवर आपटून थोडा प्रकाश मागे परततो. वर पाऊल पडलं की जमीन दबते, जमिनीबरोबर तंतू ताणला जातो. किती? केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्याने परतणारा प्रकाश बदलतो, आणि तो परतायला किती वेळ लागला यावरून पाऊल नेमकं कुठे पडलं ते मीटरभराच्या अचूकतेने कळतं.

"आणि पाऊल कुणाचं ते?"

"नाव नाही कळत. पण टाच टेकल्यापासून चवडा उचलेपर्यंतचा वेळ, डाव्याउजव्यातला फरक, वजन, हे प्रत्येकाचं वेगळं असतं ताई. मशीन त्याला एक क्रमांक देतं. तोच माणूस उद्या आला की ओळखतं. डोक्यावर ओझं आहे, गुडघा दुखतोय, चप्पल तुटलीय, सगळं. फक्त त्याला आधी कुणीतरी शिकवायला हवं."

ते शिकवलं वैजयंताने. सहा महिने ती तंतूच्या कडेला उभी राहून नोंदी करत होती: कडेवर मूल, पाण्याचा हंडा, नवीन बूट, पाय मुरगळलेला. तिच्या साडेअकरा हजार नोंदींवर ते यंत्र शहाणं झालं.

पांढरमाळ म्हणजे शहराच्या पूर्वेचा जुना माळ. तिथे आता तेरा-तेरा मजली सोसायट्या उभ्या होत्या आणि आणखी उठत होत्या. माळाला मधोमध कापून बाह्यवळण रस्ता जायचा. त्याच्या दक्षिणेला सोसायट्या, उत्तरेला वीटभट्टी वस्ती. भट्ट्या केव्हाच विझल्या होत्या, वस्ती राहिली होती. वस्तीतल्या बायका सोसायट्यांत पोळ्या, धुणीभांडी, म्हाताऱ्यांची उठबस करायला जात. त्यांचा रस्ता ओलांडायचा जवळचा मार्ग एकच होता: दूध डेअरीसमोर दुभाजकात पडलेली चार हात रुंद फट. वैजयंताच्या मोजणीनुसार रोज सहाशे बारा बायका, दिवसातून चार वेळा. सकाळी जायचं, दुपारी घरी यायचं, संध्याकाळी पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. दोन वर्षांत तिथे तीन जणी गाडीखाली गेल्या होत्या. त्यातली एक कौसाबाई अहिऱ्यांची सून.

कौसाबाई वैजयंताच्या आईच्या गावची. म्हणून कौसामावशी. साठी उलटलेली, काटक, सात घरच्या पोळ्या करणारी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हर्षदने वैजयंताला केबिनमध्ये बोलावलं.

"डेअरीच्या फटीचा प्रश्न निकाली काढायचाय ताई. चौदा दिवस बॅरिकेड लावून फट बंद ठेवतो. बायकांना पाण्याच्या टाकीच्या चौकातून वळसा घालावा लागेल."

"साडेआठशे मीटर जाणं, साडेआठशे मीटर परत. प्रत्येक खेपेला सतराशे मीटर जास्त."

"तेच तर कानाला ऐकवायचंय. जितकं जास्त चालतील, तितका त्रास आकड्यात उतरेल. त्रास आकड्यात उतरला की कुणाचा बाप सिग्नल अडवू शकत नाही. झेब्रा, सिग्नल, मध्ये थांबायला ओटा. सगळं करून घेऊ."

"बायकांना सांगू का तसं?"

हर्षदने कागदावरून नजर वर केली नाही. "नियम सात. सहभागींना सर्वेक्षकाने कोणतीही सूचना द्यायची नाही. शेवटी तुमचं तसं प्रमाणपत्र लागेल." मग हसून म्हणाला, "बाकी तुमच्या मावश्या. तुम्ही आणि त्या."

वैजयंताने त्याचा अर्थ तिला हवा तसा घेतला.

त्याच संध्याकाळी ती वस्तीत गेली. कौसाबाईच्या दारात पंधरावीस जणी जमल्या.

"सोमवारपासून फट बंद होणार," ती म्हणाली. "चौदा दिवस. दुभाजकावरून कुणी उडी मारायची नाही. पहिल्या दिवसापासून सरळ टाकीच्या चौकातून जायचं."

"आन् उडी मारली तर?" सुमन वाघने विचारलं. ती सगळ्यांत तरुण, जिभेने सगळ्यांत धारदार. "दंड का फाशी?"

"तर मशीनला वाटेल, या बायका रस्त्याचे नियम पाळत नाहीत, यांना सिग्नल देऊन उपयोग काय."

"म्हंजे परीक्षाच म्हणा की. पेपर कोण तपासणार, कान?"

"कानच."

"मग कानाला काय, नुसतं थाडथाड चाललं की पास!"

बायका हसल्या. कौसाबाई हसली नाही. "वैजे, तू सांगतेस ना? मग झालं. साहेबलोक बघाया येणार म्हणल्यावर आपण दारात सडा घालतोच की. तसंच हे. कुणी रडतकढत जायचं न्हाई. कुणी उशिरा पोचायचं न्हाई. वस्तीची लाज हाय."

"नीट चाला," वैजयंता म्हणाली. "एवढंच."

त्या चालल्या. एप्रिलचं ऊन डांबर मऊ करत होतं. एक खेप वीस मिनिटांनी वाढली होती. चार खेपांची ऐंशी मिनिटं. त्या ऐंशी मिनिटं लवकर उठल्या. सुमनने मालकिणीच्या मुलीचे टाकून दिलेले धावायचे बूट मागून घेतले आणि साडीखाली घालून मिरवली. कौसाबाईने चपलेचा अंगठा दोऱ्याने आवळून शिवला. वैजयंता चौदाही दिवस टाकीच्या चौकात उभी होती. तिच्यापाशी आलं की त्या पाठ ताठ करायच्या, पावलांचा वेग वाढवायच्या, शाळेच्या संचलनात करतात तसा. सहाशे बारापैकी एकीनेही दुभाजक ओलांडला नाही. चौदा दिवसांत एकही कामावर उशिरा पोचली नाही.

शेवटच्या दिवशी वैजयंताने प्रमाणपत्रावर सही केली. सहभागींना कोणतीही सूचना दिलेली नाही. सही करताना तिला फारसं काही वाटलं नाही. सिग्नल येणार होता.

जूनच्या अखेरीस आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. दोनशे अठरा पानं. पहिली चाळीस पानं चित्रांची: सायकल मार्ग, झाडांच्या रांगा, मधोमध बसची स्वतंत्र मार्गिका. वैजयंताला कागद शेवटून वाचायची सवय होती. खरं काय ते परिशिष्टात असतं, हे तिला नोकरीने शिकवलं होतं. पान एकशे सत्त्याण्णव: डेअरीसमोरील दुभाजकातील फट कायमस्वरूपी बंद करण्यात यावी. सिग्नलची आवश्यकता आढळली नाही.

तिने ते वाक्य तीनदा वाचलं. मग पुढचं कोष्टक वाचलं.

बसमधले एकवीस हजार प्रवासी, फट बंद केल्याने प्रत्येकाचे चाळीस सेकंद वाचणार. रोजचे दोनशे तेहतीस तास. समोर बायकांचा जादा वेळ: सहाशे बारा जणी, ऐंशी मिनिटं. रोजचे आठशे सोळा तास. इथपर्यंत हिशेब तिच्या मनाप्रमाणे होता. त्यानंतर एक रकाना होता, 'अनुकूलन निर्देशांक'. वाट बंद झाल्यावर जो माणूस वाहन काढतो, उडी मारतो, यायचं थांबवतो किंवा उशिरा पोचतो, त्याचा निर्देशांक कमी. जो काही न बदलता लांबच्या वाटेने वेळेवर पोचतो, त्याचा जास्त. निर्देशांक जितका जास्त, तितका त्या माणसाचा वेळ कमी धरायचा, कारण त्याला सवय होते. वीटभट्टी वस्तीचा निर्देशांक होता शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव. शंभरातले सहाच भाग धरायचे. आठशे सोळा तासांचे एकोणपन्नास तास उरले होते.

दोनशे तेहतीसपुढे एकोणपन्नास.

खाली परिशिष्ट चार होतं: सर्वेक्षकांची निवड. कक्षातल्या अकरा सर्वेक्षकांची नावं आणि त्यांपुढे तोच निर्देशांक. गेल्या वर्षी मुख्यालयाचं दार दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद होतं, सगळ्यांना मागच्या गल्लीतून यावं लागे. पावलांचे क्रमांक हजेरीपटाशी जुळवून घेतलेली ती यंत्राची पहिली चाचणी होती, हे तिला आत्ता कळलं. ती त्या तीन आठवड्यांत रोज दहाला दहा मिनिटं कमी असताना हजर होती. तिच्या नावापुढे आकडा होता शून्य पूर्णांक सत्त्याण्णव. अकरांत सर्वांत वरचा. शेरा: निवड योग्य.

हर्षदच्या केबिनमध्ये ती दार न वाजवता गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"हे काय आहे?"

त्याने पान बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "बसा ताई."

"उभीच आहे. तू म्हणालास, त्रास आकड्यात उतरेल."

"उतरला की. आठशे सोळा तास. मी लपवले नाहीत." त्याचा आवाज शांत होता. "पण बसमार्गाला केंद्राचा निधी हवा असेल तर मोठे चौक सोडून तीन किलोमीटरमध्ये एकही छेद चालत नाही. एकवीस हजार माणसं आहेत समोर. कुणाला तरी वळसा पडणारच. मग ज्यांना झेपतो त्यांनाच नको का पडायला?"

"झेपत नव्हता. त्या मी सांगितलं म्हणून तशा चालल्या."

"तुम्ही सूचना दिली नाही, अशी तुमची सही आहे."

वैजयंताने पान त्याच्याकडे वळवलं. बाहेर शिपाई कुणाला तरी चहा सांगत होता.

"आणि हे?" तिने परिशिष्ट चारवर बोट ठेवलं. अंगठा हलत होता. तिने मूठ मिटली. "मला कशाला निवडलंस?"

"ताई, ते कौतुकच आहे तुमचं. तुमच्यासारखं निमूट काम कक्षात दुसरं कुणी करत नाही."

"निमूट."

"मला म्हणायचं होतं, निष्ठेने."

"तुला काय म्हणायचं होतं ते तू छापलंयस," ती म्हणाली, आणि आराखडा उचलून बाहेर पडली.

वस्तीत जायला तिला दोन दिवस लागले. कौसाबाई परातीत कणीक मळत होती. सुमन शेजारी बसून पाय चोळत होती. धावायच्या बुटांनी तिचे दोन्ही अंगठे सुजले होते, ते अजून पुरते उतरले नव्हते. वैजयंताने सगळं सांगितलं. निर्देशांकही सांगितला, तासही सांगितले.

"थांबा थांबा," सुमन म्हणाली. "म्हंजे आमी चांगल्या चाललो म्हणून नापास?"

"हो."

"आन् उड्या मारल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर पास?"

वैजयंताने मान हलवली.

"मग आता लंगडते ना मी! उद्यापासून समद्या लंगडतो."

"कानाला खरं लंगडणं आणि खोटं लंगडणं कळतं." वैजयंताला पुढचं बोलताना त्रास झाला. "मीच शिकवलंय त्याला."

कौसाबाईचा हात कणकेत थांबला होता.

"मंगळवारी अकराला सुनावणी आहे," वैजयंता म्हणाली. "तुम्ही सगळ्या आलात तर..."

"अकराला माझ्या पाचव्या घरच्या पोळ्या असतात." कौसाबाई पहिल्यांदा बोलली. "गुडघ्यात कळ यायची मला टाकीपाशी. बसू वाटायचं. तू समोर उभी असायचीस म्हणून बसले न्हाई." तिने कणकेवर ओलं फडकं टाकलं. "माझी सून त्या फटीत गेली. तिच्यासाठी सिग्नल येणार म्हणून चालले मी. तुझ्या शब्दावर."

"मावशी, मलाही त्याने..."

"तुला कुणी फसवलं ते तू बघ. आमाला तू सांगितलंस."

सोमवारी वैजयंताने कक्षातल्या संगणकावर चाचणीची मूळ नोंद उघडली. सर्वेक्षक म्हणून तिला तेवढा अधिकार होता. आजवर तिने तो वापरला नव्हता, कारण हर्षदचं काम तपासावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. पहिल्या दिवसाच्या नोंदीपाशी यंत्राने लाल खूण केली होती. तिने ते पान छापून घेतलं.

सुनावणीला सभागृहात चाळीसेक माणसं होती. सायकल मार्ग आपल्या फाटकापर्यंत यावा म्हणून सोसायटीवाले, पार्किंग जाईल म्हणून दुकानदार. वस्तीतलं कुणी नव्हतं. मंचावर उपायुक्त शबाना तांबोळी, शेजारी हर्षद.

एकोणिसाव्या क्रमांकाला वैजयंताचं नाव पुकारलं, तेव्हा हर्षदने चमकून वर पाहिलं.

"तुम्ही कर्मचारी आहात ना?" उपायुक्तांनी विचारलं.

"हो मॅडम. मीच ती चाचणी घेतली. माझी त्याच चाचणीवर हरकत आहे." तिने हातातला कागद पुढे केला. "शहरात आतापर्यंत नऊ ठिकाणी अशा फटी बंद करून पाहिल्या. नऊही ठिकाणी पहिल्या दिवशी माणसं गोंधळली. निम्मी बॅरिकेडपाशी येऊन थांबली, शंभरात तीस जणांनी उडी मारली. पांढरमाळला पहिल्या दिवशी पहाटेपासून सहाशे बारा बायका घरून निघून थेट टाकीच्या चौकाकडे गेल्या. एकही बॅरिकेडपाशी आली नाही. वाट बंद आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. यंत्रालासुद्धा ते कळलं. त्याने शेरा मारलाय: पूर्वसूचनेची शक्यता, चाचणी ग्राह्य धरू नये."

"आणि खाली?" उपायुक्त कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या.

"खाली माणसाने टंकलेला शेरा आहे. दुर्लक्ष करावे. ह. नि."

सभागृहात कुजबुज झाली. हर्षद उभा राहिला. "मॅडम, सूचना दिली नसल्याचं यांचंच प्रमाणपत्र आहे."

"ते खोटं आहे," वैजयंता म्हणाली.

उपायुक्तांनी चष्मा काढला. "खैरनारबाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? हे नोंदवलं जाणार आहे."

"नोंदवा मॅडम. मी वस्तीत गेले. उडी मारू नका, वेळेवर पोचा, नीट चाला, असं मी सांगितलं. त्यांनी माझं ऐकलं. त्या कागदावर सहाशे बारा बायकांची सोशिकता मोजलेली नाही. माझ्यावरचा त्यांचा विश्वास मोजलाय, आणि त्यावर मी खोटी सही केलीय."

तिने खाली सही केलेली लेखी हरकत टेबलावर ठेवली. तीस वर्षांच्या सवयीने कागदाच्या कडा जुळवल्या, आणि जागेवर जाऊन बसली.

निर्णय आठ दिवसांनी आला. डेअरीच्या फटीपुरती चाचणी रद्द. सहा महिन्यांनी नव्याने घ्यावी, वेगळा सर्वेक्षक नेमावा. तोवर फट उघडी राहील. सिग्नलबद्दल एक शब्द नव्हता. खोट्या प्रमाणपत्राबद्दल वैजयंता खैरनार निलंबित, विभागीय चौकशी सुरू. हर्षद निमकर यांना लेखी समज; फेरचाचणी त्यांच्याच देखरेखीखाली होणार होती.

निलंबनाचा कागद घेऊन ती निघाली, तेव्हा तो तिला जिन्यात भेटला.

"ताई, तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं."

"मला तुझ्याबद्दल वाटलं नव्हतं," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून उतरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ती डेअरीपाशी जाऊन उभी राहिली. तिला तिथे काही काम नव्हतं. गणकयंत्र कार्यालयात जमा झालं होतं. वस्तीकडून बायका येत होत्या, दहाबाराच्या घोळक्याने, हात उंचावून ट्रक थांबवत. सुमनने तिला पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. वैजयंताचा अंगठा तर्जनीवर टेकला आणि मोजू लागला. एकोणचाळीस, चाळीस.

एकेचाळिसावी कौसाबाई होती.

"मावशी," वैजयंता म्हणाली, "सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी आहे."

"ऐकलं."

कौसाबाईने पदर खोचला. उजवीकडून येणारा टँकर जाऊ दिला. मग फटीकडे पाऊल टाकता टाकता, मागे न बघता म्हणाली,

"तवा कसं चालायचं, ते तेवढं नका सांगू आमाला, मॅडम."

आणि ती गेली. पलीकडच्या कडेला पोचल्यावर खांबाला हात टेकून थोडी थांबली, गुडघा चोळला, आणि सगळ्यांच्या मागून हळूहळू चालू लागली.